अडेनियमची रोपं उगवतात आणि दहा दिवसांत माना टाकतात: चूक नेमकी कुठे होते

सकाळी ट्रे बघितला तेव्हा सगळी रोपं ताठ उभी होती. संध्याकाळी त्यातलं एक आडवं. पानं हिरवीगार, कुठे डाग नाही, कीड नाही. फक्त मातीला टेकलेल्या जागी खोड मऊ पडून वाकलेलं. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन आडवी, आणि आठवड्याभरात ट्रेचा एक कोपरा पूर्ण रिकामा.

बियांपासून अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचं ते फुलझाड, लावणाऱ्यांचं हे दुखणं जुनं आहे आणि प्रत्येक खेपेला पुन्हा येणारं आहे. बी उगवतच नाही अशी तक्रार त्या मानानं कमी ऐकू येते. बी ताजं असेल आणि ऊब असेल तर अडेनियम तीन ते सात दिवसांत डोकं वर काढतं. उगवण इतकी सोपी असल्यामुळे पुढचा धक्का जास्त लागतो. मग दोष बियाण्याला दिला जातो, नवीन बियाणं मागवलं जातं, आणि तेही त्याच वाटेनं जातं.

माझ्या पहिल्या तीन खेपा अशाच गेल्या. पहिल्या खेपेला वीस बिया पेरल्या, सतरा उगवल्या, महिना संपताना चार उरली. दुसऱ्या वेळी बियाणं बदललं आणि बुरशीनाशकही ओतलं. निकाल जवळपास तोच. तिसऱ्या वेळी माती बदलली आणि प्रत्येक रोप कधी उगवलं, कधी पडलं, हे वहीत लिहायला लागले. त्या वहीनं डोळे उघडले. सगळ्यात आधी उगवलेली रोपंच सगळ्यात आधी मरत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आलेली, जाडजूड, जोमदार रोपं. उशिरा उगवलेली, बारीक वाटणारी मात्र तग धरत होती. बियाण्यात खोट असती तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

कारण समजायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. एका ट्रेमधल्या सगळ्या बिया एका दिवशी उगवत नाहीत. काही तिसऱ्या दिवशी, काही सातव्या, एखादी बाराव्या दिवशी. मागे राहिलेल्या बियांसाठी आपण झाकण तसंच ठेवतो, रोज फवारा मारतो. त्या बियांना ते हवंच असतं. पण तिसऱ्या दिवशी उगवलेलं रोप तेवढे सगळे दिवस त्याच बंद, दमट हवेत, गळ्याशी, म्हणजे मातीला टेकलेल्या खोडाशी, ओली माती घेऊन उभं राहतं. बी उगवायला जे लागतं, तेच उगवलेल्या अडेनियमला मारतं. सगळा घोळ या एका गोष्टीत आहे. बाकीचे उपाय त्यानंतरचे.

पडलेलं रोप आधी हातात घ्या

काहीही ओतण्याआधी किंवा फवारण्याआधी एक पडलेलं रोप अलगद उपटून तळहातावर घ्या आणि उजेडात बघा. निरोगी अडेनियमचं आठवड्याभराचं रोप कोथिंबीर-मेथीच्या रोपासारखं दोरीएवढं बारीक नसतं. बीजदलांच्या, म्हणजे त्या पहिल्या दोन जाड पानांच्या, खालचा भाग छोट्या बाटलीसारखा गुबगुबीत असतो, हिरवा आणि चिमटीत धरला तर घट्ट लागतो.

मर, म्हणजे रोपं कोलमडण्याचा हा रोग, लागलेल्या रोपात मातीच्या पातळीवर दोन-चार मिलिमीटरचा एक पट्टा दिसतो. रंग आधी काचेसारखा, पाणचट, मग तपकिरी. त्या जागी नखानं हलकेच दाबलं तर साल सुटून सरकते आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरते. वरची पानं मात्र अजून ताजी असतात, कारण फुगीर भागात साठलेलं पाणी त्यांना मिळत असतं. इथेच आपण फसतो. रोप वाकलं, पानं हिरवी, म्हणजे तहान लागली असेल, असं वाटून आणखी पाणी घातलं जातं, आणि शेजारची रोपंही त्याच वाटेला लागतात.

खोड वाकलंय पण गळा पांढरट-हिरवा आणि घट्ट आहे, फुगीर भागावर बारीक सुरकुत्या आहेत, मूळ पांढरं आहे, असं दिसलं तर ती खरी तहान. पाणी दिल्यावर एका दिवसात रोप उभं राहतं. गळा शाबूत पण मूळ तपकिरी, लिबलिबीत, टोकाकडून सडत वर आलेलं असेल तर खाली पाणी साचतंय. छिद्रं बुजलीत किंवा मिश्रण फार बारीक आहे. आणि रोप लांबच लांब, फिकट, एका बाजूला कललेलं असेल तर त्याला रोग नाही, उजेड कमी पडतोय.

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती न करता केलेला उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो, कारण तहानेचा आणि सडण्याचा उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहे.

हे झाड मुळात कुठलं

अडेनियमचं घर म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान. स्वीडनचे निसर्गअभ्यासक पीटर फोर्सकोल येमेनच्या मोहिमेवर असताना १७६३ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या नोंदी १७७५ मध्ये छापल्या गेल्या आणि त्यात या झुडपाचं नाव होतं नेरियम ओबेसम. नेरियम म्हणजे आपली कण्हेर, ओबेसम म्हणजे लठ्ठ. १८१९ मध्ये ते अडेनियम या वेगळ्या प्रजातीत गेलं, पण ‘लठ्ठ’ हा शब्द नावात टिकून राहिला. कण्हेर, चाफा, सदाफुली आणि अडेनियम ही सगळी एकाच कुळातली.

हा लठ्ठपणा रोपाला पहिल्या दिवसापासून असतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ज्याला आपण कॉडेक्स म्हणतो, तो फुगीर बुंधा, त्याची सुरुवात बीजदलं आणि मूळ यांच्यामधल्या त्या गुबगुबीत तुकड्यातच होते. रोप जन्मतःच पाण्याची पिशवी सोबत घेऊन येतं. त्याच्या मूळ भूमीत पाऊस येतो, बी झटक्यात उगवतं, आणि काही दिवसांत वरची माती पुन्हा सुकते. म्हणजे ओल, मग कोरडं, हा क्रम त्याच्या अंगात आहे. आपण ट्रेमध्ये त्याला ओल, ओल आणि आणखी ओल देतो. टोमॅटो-मिरचीच्या रोपांची सवय असलेल्या हातांकडून ही चूक जास्त होते, कारण त्या रोपांना पाणी कमी पडलेलं चालत नाही.

एक बी, एक कप

आता उपायाकडे. ज्या दिवशी रोप उगवेल त्या दिवशी त्याची व्यवस्था बदलायची आहे, पण शेजारच्या न उगवलेल्या बीची व्यवस्था बदलायची नाही. एकाच ट्रेमध्ये, एकाच झाकणाखाली हे जमत नाही. म्हणून मी ट्रे सोडला. प्रत्येक बीला वेगळा छोटा कप. एक मोठा पारदर्शक डबा घ्यायचा, त्यात सगळे कप ठेवायचे, झाकण लावायचं. जो कप उगवला तो डब्यातून बाहेर. बाकीचे आतच. एवढंच.

उगवला म्हणजे कधी? बीजदलं टोपीतून, म्हणजे बीच्या टरफलातून, सुटून उघडायला लागली की. नुसता वाकलेला पांढरट आकडा मातीतून वर आला असेल तर अजून एक दिवस थांबायचं; त्या अवस्थेत हवा एकदम कोरडी झाली तर बियांचं टरफल पानांवर घट्ट आवळून बसतं.

कप पारदर्शक असला तर फार सोय होते. आतल्या भिंतीवरची ओल बाहेरून दिसते: मिश्रण ओलं असेल तिथपर्यंत ते गडद आणि कपाला चिकटलेलं असतं, कोरडं झालं की फिकट पडून कडेनं किंचित सुटतं. मुळंही दिसतात. फक्त उजेडामुळे आतून हिरवं शेवाळ धरतं, म्हणून तो कप दुसऱ्या अपारदर्शक कपात बसवून ठेवायचा आणि बघायचा तेव्हा उचलून बघायचा. तळाला गरम सुईनं किंवा सळईनं छिद्रं पाडायची. मधोमध एकच मोठं छिद्र पाडण्यापेक्षा कडेला चार-पाच छोटी पाडलेली बरी, कारण पाणी तळाच्या कडेला साचतं.

काही जण बी आधी ओल्या टिश्यू पेपरमध्ये उगवून मग लावतात. हीसुद्धा चांगली पद्धत आहे आणि जुनं बियाणं असेल तेव्हा तर हीच वापरावी, कारण कुठलं बी जिवंत आहे ते कप भरण्याआधीच कळतं. टिश्यू भिजवून असा पिळायचा की उचलल्यावर एक थेंब गळू नये. मूळ तीन ते पाच मिलिमीटर दिसलं की लगेच कपात. त्याहून थांबलात तर मूळ कागदाच्या धाग्यांत घुसतं आणि सोडवताना टोक तुटतं. उचलताना बीला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही. माझा कल मात्र थेट कपात पेरण्याकडे आहे. मूळ एकदाही हलवावं लागत नाही.

डब्यातून बाहेर काढल्यानंतरचे पंधरा दिवस

हे पंधरा दिवस निर्णायक. वरून फवारा पूर्ण बंद. ‘थोडंसं तर आहे’ म्हणून मारलेल्या फवाऱ्याचं पाणी खाली मुळापर्यंत पोचतच नाही, ते वरचा अर्धा सेंटिमीटर तेवढा ओला ठेवतं, आणि रोपाचा गळा नेमका त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये असतो. रोगाला हवी ती जागा आपण रोज ओली करून देतो.

पाणी खालून द्यायचं. बशीत बोटभर पाणी, त्यात कप ठेवायचा, दहा मिनिटांनी उचलायचा, निथळू द्यायचा. वरचा थर काळपट होण्याआधीच कप उचलला तरी चालतो. खाली ओल, वर कोरडं, हेच तर हवंय. नंतर पुन्हा पाणी कधी, याचं उत्तर दिवसांत देता येत नाही, ते वजनात द्यावं लागतं. त्याच मिश्रणाचा, त्याच आकाराचा, बी नसलेला एक पूर्ण कोरडा कप शेजारी ठेवा. एका हातात तो, दुसऱ्या हातात रोपाचा कप. दोन्हींत फरक जाणवेनासा झाला की पाणी. सुरुवातीला फरक कळत नाही असं वाटतं, चार-पाच वेळा केलं की हाताला बरोबर कळायला लागतं. उबदार हवेत हे तीन-चार दिवसांनी येतं, गार किंवा ढगाळ हवेत आठवडाही लागतो. कॅलेंडरवर खूण करून पाणी घालणाऱ्यांची रोपं ढगाळ आठवड्यात जातात ती यामुळेच.

याचा अर्थ रोप आठ-आठ दिवस ठणठणीत कोरडं ठेवायचं असाही नाही. पहिल्या महिन्यात मूळ लहान असतं. फुगीर भाग चिमटीत किंचित दबायला लागला की ती शेवटची सूचना. त्याच दिवशी पाणी द्यावं.

हवा खेळती हवी. कप एकमेकांना चिकटून ठेवू नका, बोटभर अंतर असू द्या. पंखा असेल तर थेट झोत न मारता खोलीत वारा फिरेल इतका पुरे. झुळकीनं खोडाचा गळा सुकतो आणि खोड जाडही होतं.

मिश्रण

नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पेरणं हे अपयशाचं दुसरं मोठं कारण आहे. कोकोपीट वरून फिकट, सुकं दिसतं आणि आत दोन सेंटिमीटरवर पिळलं तर पाणी गळेल इतकं ओलं असतं. शिवाय न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. रोपाची मुळं त्यानं करपतात आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. वापरायचंच असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्या.

मी एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि दोन भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा जाड वाळू घेते. वाळूचा दाणा दोन ते चार मिलिमीटरचा, चाळून धूळ काढलेला. बारीक वाळू घातली तर निचरा वाढत नाही, उलट पोकळ्या भरून मिश्रण सिमेंटसारखं बसतं. समुद्राची वाळू तर क्षारांमुळे नकोच. प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड) मिळत असेल तर उत्तम. व्हर्मिक्युलाइट हे खनिज पाणी धरून ठेवतं, ते इथे उपयोगाचं नाही. शेणखत, गांडूळखत पेरणीच्या मिश्रणात घालू नका. बीमध्ये पहिल्या दोन-तीन आठवड्यांची शिदोरी असते, आणि अर्धवट कुजलेलं खत म्हणजे बुरशीला जेवण. चार खरी पानं (बीजदलांनंतर येणारी) आल्यावर अगदी पातळ द्रव खत सुरू करता येतं.

मिश्रण नवीन असलं तरी एकदा उकळत्या पाण्यानं पूर्ण भिजवून, झाकून, निवू द्यावं. रोपं मारणाऱ्या बहुतेक बुरश्या साठ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत अर्धा तास राहिल्या तर मरतात. त्यासाठी भांडं झाकून ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर पाणी ओतताच निवतं. आधी ज्यात रोपं मेली ते कप-ट्रे साबणानं घासून, ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून, पुन्हा धुऊन मगच वापरायचे. मेलेल्या रोपाचं मिश्रण दुसऱ्या पेरणीला वापरू नका, कितीही जीव तुटला तरी.

बुरशीनाशकानं का भागत नाही

रोप कोलमडण्यामागे एकच बुरशी नसते. पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युझेरियम यांपैकी कोणीही असू शकतं, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात फरक करता येत नाही. यातले पिथियम आणि फायटोफ्थोरा हे खऱ्या बुरशीत मोडतच नाहीत. ते ऊमायसीट नावाच्या गटातले, तपकिरी शैवालांचे दूरचे नातेवाईक. त्यांचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत पुढे जातात. ट्रेचा एकच कोपरा रिकामा होत जातो आणि रोग शेजारून शेजारी सरकतो, त्याचं एक कारण हे.

बहुतेकांकडे असतं ते कार्बेन्डाझिम. ते रायझोक्टोनिया, फ्युझेरियमवर काम करतं, पण पिथियम आणि फायटोफ्थोरावर त्याचा परिणाम होत नाही. मेटालॅक्झिलचं बरोबर उलट. म्हणून माझं दुसऱ्या खेपेचं औषध वाया गेलं असेल तर नवल नाही. कॅप्टानचा आवाका मोठा आहे, त्यामुळे पेरणीच्या वेळी प्रतिबंध म्हणून त्याचं एक पाणी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, हातमोजे घालून, देता येतं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरत असाल तर तो पेरणीआधी मिश्रणात मिसळा आणि त्यासोबत रासायनिक बुरशीनाशक देऊ नका, ते ट्रायकोडर्मालाही मारू शकतं. उकळतं पाणी आधी, मिश्रण पूर्ण निवल्यावर ट्रायकोडर्मा, हा क्रम उलटला तर तोही मेला.

दालचिनीची पूड मातीवर भुरभुरवण्याचा सल्ला खूप फिरतो. दालचिनीत बुरशीला रोखणारा गुण आहे हे खरं, पण ओल्या मातीवर ती गोळा होऊन पाणी धरते आणि ओलीचं मूळ कारण तसंच राहतं. तिच्या भरवशावर झाकण लावून ठेवू नका.

गळा एकदा पाणचट झाला की ते रोप वाचत नाही. कुठलंही औषध कुजलेला भाग परत जोडून देत नाही. ट्रेमध्ये असं रोप दिसलं तर चमच्यानं आजूबाजूच्या मिश्रणासकट उचलून बाहेर काढा आणि उरलेल्यांचं पाणी त्याच क्षणी थांबवा, झाकण उघडा. मी औषधापेक्षा या उघडलेल्या झाकणानं जास्त रोपं वाचलेली बघितली आहेत.

कुंड्यांवर बारीक काळ्या माश्या घिरट्या घालताना दिसल्या तर ती सततच्या ओलीची खूण समजा. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत राहून कोवळी मुळं खातात आणि जखमेतून रोग आत शिरतो. पिवळे चिकट कागद लावा, पण वरचा थर कोरडा ठेवल्याशिवाय माश्या कमी होत नाहीत.

बी उगवलंच नाही तर

इथे कारणं थोडी आणि स्पष्ट आहेत. बी जुनं असणं हे पहिलं. अडेनियमचं बी ताजं असताना जवळपास सगळं उगवतं आणि महिने जातील तशी उगवण घटत जाते. चिमटीत दाबून बघा: भरलेलं बी कडक लागतं, पोकळ बी चपटं होतं. पाण्यावर तरंगतं ते वाईट, ही कसोटी इथे लावू नका; बी हलकं असतं, दोन्ही टोकांना वाऱ्यावर उडण्यासाठी केसांचे झुपके असतात, चांगलं बीसुद्धा तरंगतं. ते केस पेरण्याआधी काढून टाका, त्यांना बुरशी लवकर धरते.

दुसरं कारण तापमान. सत्तावीस ते बत्तीस अंश हवेत. रात्री वीसच्या खाली जात असेल तर बी उगवण्याआधी कुजण्याचीच शक्यता जास्त. तिसरं, खोली. बी आडवं ठेवायचं आणि वर तीन ते पाच मिलिमीटर मिश्रण, बस. उभं खोचायचं नाही.

शंकासुरासारख्या झुडपांचं बी कठीण कवचाचं असतं, ते घासून किंवा रात्रभर भिजवून लावावं लागतं. ती सवय अडेनियमला लावू नका. याचं टरफल पातळ असतं. तास-दोन तास भिजवणं पुरे, न भिजवलं तरी चालतं. रात्रभर भिजवलेलं बी सुरुवातच जास्त ओलीनं करतं. तीन आठवडे उलटूनही काही दिसलं नाही तर बी उकरून बघा. मऊ झालं असेल तर आशा सोडायला हरकत नाही.

बी स्वतःच्या झाडाचं घेत असाल तर शेंगा आपोआप उकलायची वाट बघा. अडेनियमच्या शेंगा बहुधा जोडीनं येतात, शिंगांसारख्या. पिकायला दोन ते चार महिने लागतात आणि एक दिवस त्या अचानक फाटून बी उडून जातं. म्हणून फुगायला लागल्या की त्यावर जाळीची छोटी पिशवी बांधून ठेवा. घाईनं कापलेल्या हिरव्या शेंगेतलं बी पांढरट आणि पोकळ निघतं.

काही छोट्या अडचणी

टोपी अडकणं: टरफल बीजदलांवर तसंच राहतं आणि पानं उघडत नाहीत. ओढू नका, टोपीबरोबर शेंडाही निघून येतो. टोपीवर पाण्याचा एकच थेंब ठेवा, अर्ध्या तासानं टूथपिकनं बाजूला सरकवा. नाही सुटली तर उद्या पुन्हा.

उजेड: उगवल्यापासून पहिले काही दिवस भरपूर उजेड पण तळपतं ऊन नको. मग सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या. एकदम दुपारच्या उन्हात ठेवलेल्या रोपाच्या फुगीर भागावर, ऊन लागतं त्या बाजूला, पांढरट डाग पडतो आणि तो जन्मभर राहतो. सावलीत ठेवलेलं रोप मात्र लांबट होतं आणि त्याचा बुंधा नंतर कितीही ऊन दिलं तरी तसा गोलसर भरत नाही. या दोन्हींमधला मार्ग रोज थोडा थोडा वाढवलेला उजेडच.

पानं पिवळी होऊन गळणं: गार हवा सुरू झाल्यावर अडेनियम झोपी जातं. बुंधा घट्ट असेल तर काळजी नको. पाणी अगदी कमी करा. बुंधा मऊ लागला तर लगेच कुंडीतून काढून मुळं बघा. सडलेला भाग स्वच्छ पात्यानं पांढरं, निरोगी दिसेपर्यंत कापा आणि सावलीत आठवडाभर उघडं सुकवा. कोवळ्या रोपात हे क्वचित साधतं, वर्षभराच्या झाडात बऱ्याचदा साधतं.

कापताना निघणारा पांढरा चीक विषारी आहे, हृदयावर परिणाम करणारा. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. डोळ्यांना, जखमेला लागू देऊ नका, हात धुवा, आणि कापलेले तुकडे मुलं-जनावरं पोचतील अशा जागी टाकू नका.

फुलं आईसारखी येतीलच असं नाही. बाजारातली बहुतेक अडेनियम संकरित असतात आणि बियांतून रंग बदलतो. ठरावीक रंग हवा असेल तर कलम किंवा फांदी लावावी लागते. पण फांदीपासून लावलेल्या झाडाला बियांच्या झाडासारखा तो जाड बुंधा मिळत नाही, आणि माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. पहिलं फूल साधारण आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही येतं.

कुंडी बदलायची ती चार-सहा खरी पानं आल्यावर. आदल्या दोन-तीन दिवसांत पाणी देऊ नका, म्हणजे मिश्रण मुळांपासून सहज सुटतं. नवीन कुंडी फार मोठी नको. रोपाच्या बुंध्याभोवती दोन-तीन बोटं जागा राहील एवढीच, कारण रिकाम्या मातीत मुळं नसतात आणि तिथलं पाणी सुकत नाही. रोप आधीपेक्षा अर्धा सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे फुगीर भाग उघडा राहील. आणि लावल्या लावल्या पाणी घालायचा मोह आवरा. बदलताना तुटलेल्या बारीक मुळांच्या जखमा भरायला चार-पाच दिवस लागतात. पहिलं पाणी पाचव्या दिवशी, पुन्हा खालूनच.